झाकून ठेवलेलं ताट

प्रिय आई,

हे पत्र ताईकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच. एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाच, चार दिवस लागले तरी लागू देत. मी अक्षरं मुद्दाम मोठी काढतोय. सहावीत शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, ह्याचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचली. अजून तीच कोंबडी आहे, फक्त आता सावकाश चालते. फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पण फोन उचलला की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, जेवलास का, आणि मी हो म्हणतो, आणि पुढचं सगळं राहून जातं. तीन आठवडे हेच चाललंय. म्हणून कागद घेतला.

मी बरा आहे. आधी हे वाच आणि मग पुढे जा. पाय दुखतात ते ट्रॉली ओढून, त्याला काही औषध नाही. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि तिचं खापर फुटलं दुसऱ्याच एका बाईच्या डोक्यावर. ती नऊ दिवस घरी बसली आणि मी नऊ दिवस गप्प बसलो. एका जागी बसावं म्हणून ज्याला तू पाटाला बांधून ठेवायची धमकी द्यायचीस, तो तुझा भिंगऱ्या नऊ दिवस तोंड मिटून बसला. हे तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

तुला वाटतं दवाखान्याचं स्वयंपाकघर म्हणजे एक मोठी चूल, त्यावर मोठं पातेलं आणि डाव फिरवणारा मी. मला डाव कुणी देत नाही, आई. आमचं स्वयंपाकघर तळघरात आहे. खिडकी नाही, वर पांढरे दिवे, खाली कायम ओली फरशी. दुपारची पाचशे ताटं, संध्याकाळची पाचशे. एक लांब पट्टा सरकत असतो, दोन्ही बाजूंना आम्ही उभे. एक भात वाढतो, एक भाजी, एक सूप ओततो. प्रत्येक ताटाबरोबर पेशंटचं कार्ड. लाल म्हणजे मीठ नको, निळं म्हणजे साखर नको, पिवळं म्हणजे सगळं मऊ. मी पट्ट्याच्या शेवटाला. झाकणं लावायची, ताटं ट्रॉलीत भरायची आणि लिफ्टनं वर वॉर्डाच्या दारापर्यंत न्यायची. डोक्याला जाळी, दाढीलाही जाळी. माझी दाढी ती केवढी, मोजून नऊ केस. आमचे मुख्य स्वयंपाकी, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते म्हणायचे, अरे ह्याच्या दाढीला जाळी कशाला, एखादा केस पडलाच तर मी सत्कार करीन त्याचा.

गॅरेज सोडलं, रंगकाम सोडलं, गोदाम तर जेवणाच्या सुट्टीत सोडलं, ते तुला माहीत आहे. इथे मात्र आठ महिने टिकलो. कारण सांगू? इथे सारखं फिरायला मिळतं. सहा मजले, वर-खाली, वर-खाली. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला कुणीतरी चाकं असलेलं काम दिलं.

आणि इथे एक पाराबाई आहेत. नाव वेगळं आहे, पण त्यांच्या हातात सदा थर्मामीटर, सुईसारखा लांब. तो भातात खुपसतात, सुपात बुडवतात, फ्रीज उघडून दुधात घालतात, आकडा बघतात आणि लिहून घेतात. कुणी काय खाल्लं आणि कशानं आजारी पडलं, ह्याचा जबाब त्यांना द्यावा लागतो. मी लागलो त्या आठवड्यात त्यांनी आम्हा नव्या पोरांना बाकांवर बसवून शिकवलं. हात कसे धुवायचे ते शिकवलं, तेव्हा मी खाली मान घालून हसत होतो. पोट बिघडलं असेल तर सांगायचं, कामावर यायचं नाही. बोट कापलं तर निळी पट्टी लावायची, निळीच, कारण निळ्या रंगाचं आपण काही शिजवत नाही, पडली तर लगेच दिसते. आणि शेवटी फळ्यावर एकच शब्द लिहिला. कोमट. म्हणाल्या, अन्न कढत ठेवा नाहीतर थंडगार ठेवा, कोमट ठेवू नका. जंतूंना कोमट फार आवडतं. वास बदलत नाही, चव बदलत नाही, पण आत त्यांचा कारखाना सुरू झालेला असतो. आणि काही जंतू असं विष सोडून जातात की मागून तुम्ही कितीही उकळा, ते जात नाही. मी मागच्या बाकावरून वस्तादांकडे बघून डोळा मारला. मनात म्हटलं, बाई, मी तर कोमटच खाऊन एवढा वाढलोय.

खरंच ना, आई? तुम्ही सगळे बारा वाजता जेवायचात आणि मी कुठेतरी उंडारत असायचो. तीन वाजता यायचो, कधी चार. चुलीच्या कडेला, राखेच्या उबेला माझं ताट असायचं. वर दुसरी ताटली पालथी आणि तिच्यावर वजनाला वाटी, मांजरीनं पाडू नये म्हणून. ताटली उचलली की आतल्या बाजूनं थेंब साचलेले. भात कडेनं वाळलेला आणि मधे ऊबदार. तू रागानं बोलायची नाहीस, पण ताट माझ्याकडे सरकवायचीस आणि मी संपवेपर्यंत उठायची नाहीस. या घरात तुझी जागा कुठली असं कुणी मला विचारलं असतं ना, तर मी ना खोली दाखवली असती ना अंथरूण. मी ते झाकलेलं ताट दाखवलं असतं.

आता मावशीचं सांगतो. मी ट्रॉली तिसऱ्या मजल्याच्या दाराशी सोडतो आणि तिथून खाटेखाटेवर ताटं देते ती मावशी. पंचवीस वर्षं तेच काम करतेय. गुडघे गेलेत, चालते ती होडी डुलल्यासारखी. मला लेका म्हणते. पहिल्या दिवशी मी ट्रॉली भिंतीवर आपटली तर म्हणाली, लेका, पेशंट आधीच आजारी आहेत, इमारत तरी धड राहू दे. आमच्याकडे नियम असा की पेशंट तपासणीला गेला असेल तर त्याचं ताट अर्धा तास थांबतं. तेवढ्यात तो आला नाही, तर ताट खाली पाठवायचं आणि बादलीत रिकामं करायचं. मग तो परत आला की त्याला दूध मिळतं, बिस्किटं मिळतात. स्वयंपाकघरात निरोप दिला तर ताजंही करून देतात. पण निरोप द्यायला कुणाला फुरसत असते? भरलेलं ताट बादलीत उपडं करताना मी डोळे मिटून घ्यायचो. आठ महिने रोज दहा-बारा ताटं टाकत होतो. सवय झाली नाही.

त्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खाटेवर एक शिंपीकाका होते. रक्ताचा आजार. औषध इतकं जबर की जंतूंशी लढायची ताकदच अंगात उरत नाही, म्हणून त्यांच्या कार्डाला एक पांढरी पट्टी चिकटवलेली असायची. पांढरी पट्टी म्हणजे ह्या माणसाला जास्त जपा. मी ट्रॉली घेऊन दाराशी दिसलो की ते लांबूनच म्हणायचे, आले आमचे अन्नमंत्री. नुसत्या डोळ्यांनी माप घ्यायचे. डॉक्टर येऊन गेले की म्हणायचे, ह्यांच्या कोटाची बाही अर्धा इंच आखूड आहे, कसा विश्वास ठेवायचा माणसावर? मला म्हणाले, तुझा डावा खांदा बोटभर उतरलाय, ट्रॉली एकाच हातानं ओढतोस वाटतं. तेव्हापासून मी हात बदलायला लागलो. त्यांना भेटायला कुणी येत नसे. लांब एक मुलगा होता, तो फोन करायचा. जेवायचे मात्र नाहीत. दोन घास घ्यायचे आणि झाकण परत लावून ठेवायचे, व्यवस्थित, कापडाची घडी घालावी तसं.

एका सकाळी नाश्त्याच्या वेळी ते मला म्हणाले, अन्नमंत्री, आज भूक लागल्यासारखं वाटतंय रे. दुपारी काय आहे? मी म्हटलं, भात, मऊ भाजी, कोंबडीचं सूप. म्हणाले, मग आज बघच, ताट चाटून परत पाठवतो. मला इतकं बरं वाटलं की लिफ्टमध्ये मी एकटाच हसत होतो.

दुपारी त्यांची खाट रिकामी. स्कॅनला नेलं होतं आणि तिथे रांग होती. अर्धा तास गेला. मावशीनं त्यांचं ताट माझ्या ट्रॉलीत ठेवलं आणि म्हणाली, बादलीत टाक रे, लेका. मी हो म्हणालो. खाली आलो, बादलीपाशी उभा राहिलो, झाकण उचललं. भाताला अजून वाफ होती. आणि माझा हात वळेना, आई. दाखल झाल्यापासून पन्नास दिवसांत पहिल्यांदा ह्या माणसाला भूक लागली आणि मी त्याच्या तोंडापुढे दुधाचा पेला आणि बिस्किटं धरू? पाराबाईंचा शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. पण मला वाटलं, नियम हे विसरभोळ्या लोकांसाठी असतात. मी कुठे विसरणार होतो? मी तर जपत होतो. भांडी धुवायच्या मशीनमागे गरम पाण्याचे पाइप जातात, तिथे एक फळी आहे, कायम ऊबदार. ताट तिथे ठेवलं. त्यावर दुसरी ताटली पालथी घातली. आणि तिच्यावर एक वाटी ठेवली. तळघरात मांजर नाही, आई. तरी मी वाटी ठेवली.

पावणेचारला ते परत आले. मी ताट घेऊन वर गेलो. मावशी तेव्हा चहाला गेली होती, म्हणून मीच खाटेशी दिलं. त्यांनी झाकण उचललं, आतले थेंब बघितले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, माझ्यासाठी ठेवलंस? बायको गेल्यापासून माझं ताट कुणी झाकून ठेवलं नव्हतं रे. आणि जेवले. सगळं जेवले. सूप प्यायले, भात संपवला, बोटानं ताट पुसलं. मी पुढ्यात उभा होतो, तू बसायचीस तसा, ते संपवेपर्यंत. मग म्हणाले, आज खांदा सरळ आहे बघ तुझा.

संध्याकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. दुसऱ्या दिवशी खाटेभोवती पडदा. तिसऱ्या दिवशी त्यांना काचेच्या खोलीत हलवलं. पाचव्या दिवशी दुपारी मी पट्ट्याच्या शेवटी उभा होतो आणि तिसऱ्या मजल्याच्या कार्डांच्या गठ्ठ्यात पांढऱ्या पट्टीचं कार्ड नव्हतं. एवढ्यावरून मला कळलं. कुणी सांगितलं नाही, आम्हाला कुणी सांगत नसतं. कार्ड नसतं, इतकंच.

तपासात निघालं की पोटात गेलेल्या अन्नानंच घात केला. डॉक्टर हेही म्हणाले की मूळ आजारच एवढा होता, धडधाकट माणूस असता तर दोन दिवसांत उठून बसला असता. मग पाराबाईंचे साक्षीदार पुढे आले. म्हणजे काय, तर आम्ही जे जे शिजवतो त्यातला एकेक घास रोज छोट्या डबीत भरून, तारीख लिहून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. कुणी आजारी पडलं तर डबीतलं अन्न तपासायचं. त्या डब्यांना आम्ही साक्षीदार म्हणतो. काकांच्या उलट्या सुरू झाल्या त्याच संध्याकाळी पाराबाईंनी त्या दिवशीच्या डब्या बाजूला काढून तपासायला पाठवल्या होत्या. भात चांगला, भाजी चांगली, सूप चांगलं. पाचशे माणसं तेच जेवली आणि एकालाही काही झालं नाही. मग बिघडलं कुठे? स्वयंपाकघर ते खाट, ह्या वाटेत. आणि त्या वाटेवर हात कुणाचे? सगळ्यांना बोलावून विचारलं. मला विचारलं, ताट परत आलं होतं का? मी म्हटलं, आलं होतं, टाकलं. अगदी सरळ म्हटलं. म्हणजे त्या दुपारी काकांच्या पोटात गेलं ते मावशीनं दिलेलं दूध-बिस्किटंच, असं सगळ्यांनी धरलं. मग मावशीला विचारलं. तिला कुणी काही दाखवलं नव्हतं, कुणी आरोप केला नव्हता. तिनंच सांगितलं, त्या दिवशी माझं बोट कापलेलं होतं, निळी पट्टी लावली होती, पण दुपारी कधीतरी ती सुटली आणि मला मागाहून कळलं. खरं बोलली म्हणून अडकली. चौकशी संपेपर्यंत घरी बस म्हणाले. ती जाताना मला म्हणाली, लेका, ट्रॉली सांभाळून ने रे.

आणि मी रोज ट्रॉली सांभाळून नेत होतो. नऊ दिवस. पळून जावं असं मनात दहादा आलं. मला तेवढंच चांगलं जमतं, तुला माहीत आहे. पिशवीसुद्धा भरली होती. पण पळालो असतो तर मावशी जन्मभर त्या बोटाकडे बघत बसली असती.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी तिच्या घरी गेलो. का गेलो, मला नीट सांगता येणार नाही. ती ओट्यापाशी नव्हती, लांब खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती. हातांची सालं निघालेली, इतके धुतलेले. सून स्वयंपाक करत होती. मावशी म्हणाली, मी आता कशाला हात लावत नाही रे. नातवाची वाटीसुद्धा नाही. कोण जाणे, माझ्या बोटात काय आहे. माणूस गेला माझ्या बोटानं. मी म्हटलं, मावशी, तसं काही नसेल. ती म्हणाली, डब्या खोटं बोलतात होय? मग सुनेला म्हणाली, ह्याला वाढ. माझ्यापुढे ताट आलं. गरम, वाफाळलेलं. आणि मावशी मला म्हणाली, बिनघोर जेव, लेका, मी हात लावलेला नाही.

आई, तो घास माझ्या तोंडात फिरत राहिला. कसाबसा उठलो, पाणीही प्यायलो नाही, आणि सरळ दवाखान्यात गेलो. रविवार असूनही पाराबाई होत्या, एकट्याच, कागद लावत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. पेन घेतलं आणि विचारायला लागल्या. ताट कधी वाढलं? कुठे ठेवलं? झाकण होतं? किती वेळ? दिलं तेव्हा हाताला कसं लागत होतं? मी म्हटलं, कोमट. त्यांचं पेन थांबलं. मग म्हणाल्या, मी फळ्यावर लिहिलं होतं. मी म्हटलं, हो. फॉर्मवर एक रकाना होता, असं का केलं. त्या म्हणाल्या, नियम माहीत नव्हता असं लिहू का? तुला बरं पडेल. मी म्हटलं, नको, माहीत होता. त्यांना भूक लागली होती, असं लिहा. त्यांनी तसं लिहिलं. मग चष्मा काढून विचारलं, असं ताट ठेवायला कुणी शिकवलं तुला? मी म्हटलं, कुणी नाही. त्या कागदावर मी तुला येऊ दिलं नाही, आई. बाकी सगळं खरं सांगितलं, तेवढं एकच खोटं बोललो.

निघताना वस्ताद दाराशी उभे होते. त्यांना कळलं होतं. त्यांची थट्टा ऐकायची मला इतकी सवय की मी थांबलो. ते म्हणाले, गाढवा, मला एक हाक मारली असतीस तर दहा मिनिटांत ताजं करून दिलं असतं. शिव्या दिल्या असत्या, पण दिलं असतं. आणि तोंड फिरवून आत गेले. हे मला सगळ्यात जास्त लागतं. दहा मिनिटांचं काम होतं.

मावशी कामावर परत आली. मला अन्नापासून दूर केलंय. आता धुलाईत असतो, चादरी मोजतो, मशीनमध्ये घालतो. चौकशी चालू आहे, पुढे काय होईल ते अजून कुणी सांगत नाही. काकांचा मुलगा येऊन गेला. पाराबाईंनी त्याला सगळं सांगितलं, मीही समोर होतो. त्यानं फक्त विचारलं, जेवले होते का ते त्या दिवशी पोटभर? मी हो म्हणालो. मावशी पहिले दोन दिवस बाजूनं गेली, बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी धुलाईच्या दारात थांबून म्हणाली, जेवलास का? आणि उत्तराची वाट न बघता डुलत निघून गेली. तिनं मला माफ केलंय असं मी म्हणत नाही. विचारलं, इतकंच सांगतो.

हे सगळं मी तुला कदाचित कधीच लिहिलं नसतं. पण परवा ताईचा फोन आला. सहज म्हणाली, आईला गेल्या महिन्यात दोनदा उलट्या-जुलाब झाले, दुसऱ्या वेळी सलाईन लावावं लागलं, आता वय झालं तिचं. आणि आई, माझ्या तोंडून पाराबाईंचे प्रश्न निघाले. काय खाल्लं होतं? कधी शिजवलेलं? कुठे ठेवलेलं? किती वेळ? ताई म्हणाली, तुला सांगू नको असं तिनं बजावलंय. तीन वर्षांपूर्वी त्या दुपारी बाबा मला म्हणाले होते, एका जागी बसता येत नसेल तर ह्या घरात ताट मागू नकोस, आणि मी न जेवता निघालो. त्या दिवशी तू झाकून ठेवलंस तसंच ताट, ताई म्हणाली, तू अजून रोज ठेवतेस. रोज दुपारी, चुलीच्या कडेला, वर ताटली, वर वाटी. संध्याकाळपर्यंत मी आलो नाही की वास घेऊन बघतेस, चांगलं आहे म्हणतेस, गरम करतेस आणि स्वतः खातेस, टाकवत नाही म्हणून. बाबा बघतात आणि बोलत नाहीत. एकदा वाटी सरकली होती तर त्यांनीच उठून नीट ठेवली, म्हणाली ताई. आई, वासावरून कळत नाही. गरम करून जात नाही. मी बघून आलोय. म्हणून हे पत्र, बाकी कशासाठीच नाही. माझं ताट ठेवणं बंद कर. आजपासून. त्या घरात मला तेवढीच एक जागा होती आणि ती मीच तुला उचलायला सांगतोय, तेव्हा ही माझी चेष्टा नाही हे ओळख. इथला निकाल लागेपर्यंत मला हलता येणार नाही, आणि ह्या वेळी मला हलायचंही नाही. पण सुटलो की येईन, चार वाजता नाही, बारा वाजता येईन. पानं घेतली नसतील तरी बसेन. तू तांदूळ धुवायला घेशील तिथपासून बसेन. तू मला ताजं वाढ आणि माझ्याबरोबर तूही जेव. तोवर ती वाटी आत ठेवून दे.

पाटावर बसायला शिकत असलेला,
तुझाच
भिंगऱ्या